ताप गेला, दम गेला नाही

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो अभ्यास, शिस्त आणि दहावीचा निकाल यांवर बोलणार, हे पालकांनी गृहीत धरलेले असते. आज मी फुप्फुसांवर बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. मग हा नसता उद्योग कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. शाळेत येईनाशा झालेल्या मुलांच्या घरी आम्ही शिक्षक जातो. गरिबी, गावाकडे परतणे, बहिणीचे लग्न ही नेहमीची कारणे ऐकण्याची आम्हांला सवय आहे. २०२१ नंतर तीन-चार घरांत एक नवे कारण ऐकले. "अब्बांना दम लागतो." करोना होऊन गेला, ताप उतरला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, माणूस चालत घरी आला, आणि वर्ष उलटले तरी त्याला दोन मजले चढवत नाहीत. कारखान्यातले काम सुटले, आणि त्याच्या जागी नववीतला मुलगा गॅरेजवर जाऊ लागला. म्हणजे प्रश्न फुप्फुसांचा असला तरी तो आमच्या हजेरीपटापर्यंत येऊन पोचला आहे. तेव्हा शिक्षकाने त्यावर बोलावे, यात गैर काही नसावे.

'निगेटिव्ह' या शब्दाने आपली फार फसगत केली आहे. त्या तपासणीचा अर्थ एवढाच, की नाकातल्या वा घशातल्या नमुन्यात आता विषाणू सापडत नाही. चोर घरातून गेला, हे त्यावरून कळते. त्याने घरातले काय काय मोडले, हे त्यावरून कळत नाही.

मोडतोड नेमकी कुठे होते, ते पाहू. आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी बारीक वायुकोश असतात. द्राक्षाच्या घडासारखे ते श्वासनळीच्या शेवटच्या फांद्यांना लटकलेले असतात. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. चाळीतल्या दहा बाय बाराच्या सहा खोल्या भरतील एवढा हा पडदा आपल्या छातीत घडी करून ठेवलेला आहे. त्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. मधली भिंत एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. प्राणवायूने ही भिंत ओलांडून रक्तात जायचे आणि कार्बन डायऑक्साइडने बाहेर यायचे, हा व्यवहार जन्मापासून मरणापर्यंत अखंड चालतो.

या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात. एक पसरट, त्यांतूनच वायूची ये-जा होते. दुसऱ्या जाडसर. या जाडसर पेशी साबणासारखा एक पदार्थ तयार करतात, त्यामुळे वायुकोश श्वास सोडताना मिटून चिकटत नाहीत. शिवाय भिंत फाटली तर नवी पेशी घडवण्याचे कामही याच करतात. घरातला गवंडी म्हणा ना. करोनाचा विषाणू खोल फुप्फुसात उतरला की नेमका याच पेशींत शिरतो. दुरुस्ती करणाऱ्यालाच त्याने आधी आडवे केले, तर पुढे काय होणार?

मग शरीर लढाईला उतरते. भिंतीला सूज येते, वायुकोशांत पाणी आणि पांढऱ्या पेशी भरतात, आतून खपली धरते. बहुतेक माणसांत ही सूज ओसरते, पाणी शोषले जाते, गवंडी पुन्हा उभा राहतो आणि भिंत पूर्ववत होते. काही माणसांत मात्र, विशेषतः ज्यांचा आजार तीव्र होता, ज्यांना दिवसेंदिवस ऑक्सिजन वा व्हेंटिलेटर लागला, ज्यांचे वय जास्त आहे किंवा फुप्फुसे आधीच कमकुवत होती, त्यांच्यात दुरुस्ती चुकीच्या वळणाने जाते. पातळ भिंतीऐवजी तेथे चिवट धाग्यांची जाळी विणली जाते. कोपर भाजल्यावर कातडीवर जसा वण राहतो, तसा हा आतला वण. डॉक्टर त्याला फायब्रोसिस म्हणतात.

आमच्या भागातील पालकांना हे लोहाराच्या भात्यावरून लगेच समजेल. चामड्याचा भाता फाटला आणि त्यावर पत्र्याचे ठिगळ मारले, तर भोक बुजेल, हवा गळणार नाही. पण भाता पूर्वीसारखा फुगणारही नाही. तो फुगवायला हाताला जोर जास्त लागेल आणि वारा कमी मिळेल. फायब्रोसिसच्या रुग्णाला धाप लागते ती अशी. दम्यात श्वासनळ्या आवळतात, पंप घेतला की त्या मोकळ्या होतात. येथे नळ्या मोकळ्याच असतात, भाताच ताठर झालेला असतो. म्हणून शेजारच्याचा दम्याचा पंप आणून ओढण्यात काही अर्थ नाही. ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण आपल्या वस्तीत पंप, गोळ्या आणि सल्ला या तिन्ही गोष्टी उसन्या मिळतात.

हे संकट करोनाबरोबरच प्रथम आले, असे समजू नये. इतिहासाच्या शिक्षकाला येथे थोडी मुभा द्यावी. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई बंदरात आली. पहिली लाट सौम्य होती. पावसाळ्याच्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या लाटेने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे नेली, आणि त्यांत म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या कमावत्या माणसांचा भरणा मोठा होता. जे वाचले त्यांच्या छातीचे पुढे काय झाले, हे पाहायला तेव्हा ना यंत्र होते, ना कोणाला सवड. मग २००९. तेव्हा मी कॉलेजात होतो. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यातील चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने दगावली. भारतातला तो या रोगाचा पहिला मृत्यू. नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे, बंद झालेल्या शाळा हे सारे पुणे आणि पिंपरी-चिंचवडने तेव्हाच पाहिले होते. त्या साथीत अतिदक्षता विभागातून वाचून आलेल्या काही रुग्णांच्या फुप्फुसांतही असेच वण डॉक्टरांना आढळले.

आणि २०२०. मार्चमध्ये पुण्यात महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले, ते आपण जाणतोच. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपले वायसीएम, करोनाकडे वळवले गेले. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभे राहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर प्राणवायू हा शब्द पुस्तकातून रस्त्यावर आला. ज्या वायूने कालपर्यंत कारखान्यांत लोखंडाचे पत्रे कापले जात होते, तोच वायू २२ एप्रिलपासून, मोजके उद्योग वगळता, कारखान्यांना देणे सरकारने थांबवले आणि टँकर रुग्णालयांकडे वळवले. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत ऑक्सिजन तयार होतो, हे आपल्यातल्या कित्येकांना त्या महिन्यात प्रथम कळले.

त्याच काळात आपल्या गल्लीबोळांत एक नवीच परीक्षा सुरू झाली. "तुमचा स्कोअर किती?" एचआरसीटी काढला की २५ पैकी गुण मिळत. कमी गुण मिळाल्याचा आनंद मानणारी ही आम्ही पाहिलेली एकच परीक्षा! पण या गुणांचा अर्थ फार थोड्यांना कळला. २५ पैकी १५ म्हणजे साठ टक्के फुप्फुस कायमचे निकामी झाले, असे समजून धास्तावलेली माणसे मी पाहिली आहेत. तसे ते नसते. फुप्फुसाच्या पाच खंडांत त्या दिवशी आजार किती पसरला आहे, याचा तो अंदाज होता. त्यातला बराच भाग सूज आणि पाणी असे. काचेवर वाफ धरावी तसा तो छायाचित्रात धुरकट दिसतो आणि पुष्कळदा काही आठवड्यांत वा महिन्यांत निवळतो. वण किती राहिला, हे त्या दिवशीच्या स्कोअरवरून सांगता येत नाही. त्यासाठी नंतरची तपासणी लागते. स्कोअर सगळ्यांना तोंडपाठ आहे. नंतरची तपासणी किती जणांनी करून घेतली?

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने करोनातून उठलेल्या २०७ जणांची फुप्फुसे तपासली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४४ टक्के लोकांत हवेतून रक्तात वायू जाण्याची क्षमता घटलेली होती, आणि सुमारे ३५ टक्के लोकांची फुप्फुसे पुरती फुगत नव्हती. हे रुग्णालयाच्या पाठपुराव्यातले रुग्ण होते, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक सर्दी-तापाला हा आकडा लावू नये. उलट बाजूने दिलासा देणारी गोष्टही आहे. २००३ मध्ये चीनमध्ये सार्स नावाची, याच कुळातल्या विषाणूची साथ आली होती. तेव्हा बाधा झालेल्या बीजिंगच्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवर २०१८ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, नजर ठेवली गेली. त्यांच्या फुप्फुसांतील डाग पहिल्या वर्षात पुष्कळ कमी झाले; त्यानंतर मात्र जे उरले ते जवळपास तसेच राहिले. मित्रहो, या एका निरीक्षणात आपल्या कामाचे फार आहे. फुप्फुस सावरायला जी मुदत मागते, त्यातले पहिले वर्ष सर्वांत मोलाचे. आणि आपल्या औद्योगिक पट्ट्यातला कामगार नेमक्या त्याच वर्षात काय करतो?

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, कारखान्याचेही नाही. मराठवाड्यातून येऊन पंधरा वर्षे झालेला माणूस, कंत्राटी कामगार. ओतकामातून आलेले सुटे भाग ग्राइंडरवर घासून गुळगुळीत करायचे, हे काम. एप्रिल २०२१ मध्ये अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. मेच्या पहिल्या आठवड्यात घरी आले आणि जूनच्या पहिल्या तारखेला कामावर हजर झाले. मी विचारले, "चाचा, इतकी घाई?" म्हणाले, "सर, ठेकेदार जागा किती दिवस रिकामी ठेवील? आणि रिपोर्ट तर निगेटिव्ह आहे." तोंडाला रुमाल बांधून ते पुन्हा ग्राइंडरसमोर उभे राहिले. दिवाळीपर्यंत कोरडा खोकला लागला. घरात टीबीचा संशय आला, मग थुंकी तपासली, टीबी नव्हता. कोणी शक्तीची इंजेक्शने दिली, कोणी खोकल्याच्या बाटल्या. जानेवारीत मुलगा पहिल्या तासाला गैरहजर राहू लागला. चौकशी केली तर कळले, की सकाळी पाण्याचे हंडे वर चढवायला आता तोच असतो आणि तिथून परस्पर तो टायरच्या दुकानात जातो.

ग्राइंडिंगची धूळ, वाळूच्या साच्यांची धूळ, वेल्डिंगचा धूर, शॉट ब्लास्टिंग, पावडर कोटिंग. भोसरीपासून महाळुंगेपर्यंत कोणत्याही शेडमध्ये जा, यांतले काही ना काही आहेच. वाळूतली सिलिका तर निरोगी फुप्फुसातही वण पाडते. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत घातले, ते उगीच नव्हे. मग विषाणूने नुकत्याच सोलून काढलेल्या पडद्यावर ती धूळ रोज आठ तास, ओव्हरटाइम धरून बारा तास पडू लागली, तर गवंड्याने भिंत बांधायची कधी? डोळ्यांत कचरा गेला तर आपण दोन मिनिटे काम थांबवतो. फुप्फुसाला डोळ्यासारखे ओरडता येत नाही, एवढाच फरक. खिशातल्या रुमालाने ही धूळ अडत नाही. तिच्यासाठी एन-९५ जातीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो; आणि ज्याला आधीच धाप लागते त्याला तर तो घालून आठ तास काम करणेही जड जाते. त्याला काही महिने धुळीच्या कामावरून हलवणे, स्टोअरमध्ये, पॅकिंगमध्ये, गेटवर बसवणे, हाच खरा उपाय. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि चिठ्ठीसाठी तपासणी.

तपासणी कोणती, ते आता सांगतो. आजार होऊन तीन महिने झाले आणि तरीही चढ चढताना धाप लागते, कोरडा खोकला जात नाही, बोलताना वाक्य मध्येच तोडावे लागते, अशी लक्षणे असतील तर छातीच्या डॉक्टरांकडे जावे. आपल्या जवळ वायसीएम आहे, सांगवी फाट्यापाशी औंधचे उरो रुग्णालय आहे, विमाधारकांसाठी मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय आहे. तेथे फुंकणीच्या यंत्रावर श्वास मोजतात. सोय असेल तर डीएलसीओ नावाची तपासणी करतात. वायू भिंत ओलांडून रक्तात किती जातो, ते तीत कळते. गरजेप्रमाणे एचआरसीटी पुन्हा काढतात. आणि एक तपासणी अशी आहे की तिला पैसाही लागत नाही. सपाट जागी सहा मिनिटे चालायला लावून किती अंतर कापले आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा किती खाली आला, ते पाहतात. बसल्या जागी ९७ दाखवणारा माणूस चालल्यावर ९१ वर येत असेल, तर त्याच्या फुप्फुसाने आपले दुखणे सांगितले असे समजावे. घरात बसून आकडा बरा येतो म्हणून निर्धास्त राहू नये. भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे की नखांवर मेंदी वा नेलपॉलिश असेल तर हे यंत्र चुकू शकते. दुसऱ्या बोटावर लावून पाहावे.

भगिनींचा विषय निघाला म्हणून सांगतो. घरात अब्बांचा दम सर्वांना दिसतो, कारण त्यांचा पगार थांबतो. अम्मीचा दम कोणाला दिसत नाही. दोन भाकऱ्या झाल्या की ती ओट्याला टेकून उभी राहते, पाण्याची कळशी अर्धी भरते, जिन्यात थांबून पदर सारखा केल्यासारखे करते. तिची फाईल तर घरात असतेच असे नाही. मुलांनो, हे तुम्ही पाहायचे आहे. तुमचे डोळे तरुण आहेत.

औषधांबद्दल दोन शब्द, आणि तेही भीतभीत. पिंपरीचा माणूस अँटिबायोटिकवर विश्वास ठेवतो, आणि का ठेवू नये? १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आपल्या पिंपरीत स्थापन झाली. देशाचे पेनिसिलिन येथे बनले. पण पेनिसिलिन काय किंवा त्याची नवी भावंडे काय, ती जंतूंना मारतात, विषाणूंना नाही. विषाणूच्या आजारावर जंतूंचा दुसरा हल्ला झाला, तर डॉक्टर ती देतात. एरवी मेडिकलवाल्याकडून पाच दिवसांचा कोर्स आणून वण जात नाही. स्टेरॉइडचे तसेच. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत दिसले, की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन दिल्याने मृत्यू घटतात. तेच औषध घरात मनाने खाल्ल्याने साखर वाढली, आणि २०२१ मध्ये काळ्या बुरशीने किती डोळे आणि जबडे नेले, ते आठवा. पिरफेनिडोन आणि निंटेडानिब ही औषधे वाढत जाणाऱ्या फायब्रोसिसची गती कमी करण्यासाठी आहेत, झालेला वण ती पुसून काढत नाहीत. ती कोणाला द्यायची, हे छातीच्या तज्ज्ञानेच ठरवावे. महाग आहेत आणि पोटाला त्रासही देतात. प्लास्टिकच्या तीन चेंडूंचे यंत्र घरोघरी आले आहे. श्वासाचा व्यायाम म्हणून ते चांगले. त्याने वण विरघळतो हे मात्र खरे नाही. त्याहून रोजचे चालणे मोलाचे. आज गल्लीच्या टोकापर्यंत, आठवड्याने मशिदीच्या चौकापर्यंत, असे हळूहळू वाढवत. धाप लागली की थांबून, गरम चहा फुंकतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावा.

विडी-सिगारेट सोडावी, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा! पण धूर फक्त विडीचाच नसतो. बंद खोलीत लावलेली डासांची अगरबत्ती, चूल, जुमेरातला घरभर फिरवलेला लोबान, हाही धूरच. घरात दमेकरी वा करोनातून उठलेला माणूस असेल तर लोबान दाराबाहेर ठेवावा. सुगंध आत येईलच.

आजार मुळातच तीव्र होऊ नये, हे अर्थात सर्वांत बरे. लसीने ते साधते. लस घेऊनही ताप येईल, पण फुप्फुसापर्यंत आग पोचण्याची शक्यता पुष्कळ घटते. हजला जाणाऱ्या वयस्कर मंडळींना निघण्यापूर्वी इन्फ्लुएन्झाची लस टोचतात, हे आपण पाहतो. हजला न जाणाऱ्या आजोबांची फुप्फुसेही तेवढीच जुनी असतात, हे आपल्या लक्षात येत नाही. साठी ओलांडलेल्यांनी ही लस दरवर्षी घेण्याबाबत डॉक्टरांना विचारावे. आणि लहान मुलांच्या गोवराला 'देवाची करणी' म्हणून सोडून देऊ नये. गोवर हाही विषाणूच. तो मुलाच्या छातीत उतरला तर श्वासनळ्या कायमच्या सैल आणि विद्रूप होऊ शकतात, आणि मग ते मूल जन्मभर खोकत राहते. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या वस्तीत गोवराने मुले दगावली. लस न घेतलेल्या वा अर्धवट घेतलेल्या मुलांना त्याची सर्वाधिक झळ बसली. नवव्या महिन्याला एक आणि दीड वर्षाच्या सुमारास दुसरी, अशा दोन लसी महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. तो हिरवा-निळा कागद शाळेत प्रवेशाच्या वेळी शोधायला लागू नये.

आता पैशाचे. कारण "सर, महिनाभर बसून खाऊ काय?" हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला व्यायामाचे उत्तर देणे म्हणजे थट्टा होईल. राज्य कामगार विमा योजना, म्हणजे ई.एस.आय., ही कंत्राटी कामगारालाही लागू असते. पगाराची मर्यादा २०१७ पासून दरमहा २१ हजार रुपये करण्यात आली. पगारातून कपात होत असेल तर आपण विमाधारक आहोत. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तीत तरतूद आहे. शिवाय काही दीर्घ आजारांची वेगळी यादी आहे. त्या आजारांसाठी ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. फुप्फुसाच्या भिंतींचा आजार, ज्याला इंटरस्टिशियल लंग डिसीज म्हणतात, तो त्या यादीत आहे. फायब्रोसिस याच वर्गात मोडतो. किती काळ नोकरी आणि किती दिवसांची वर्गणी हवी, याच्या अटी आहेत. त्या शाखा कार्यालयात विचारून घ्याव्यात. मघाशी सांगितलेल्या चाचांना हे आठ महिन्यांनी कळले. कार्ड होते, कपात होत होती, क्रमांक पाठ नव्हता. मुलाने पगाराच्या चिठ्ठीवरून क्रमांक शोधला, मोहननगरला फेऱ्या घातल्या, डॉक्टरांनी तपासून धुळीचे काम बंद करण्याची चिठ्ठी दिली. ठेकेदाराने कुरकुर करीत त्यांना पॅकिंगला घेतले. पगार कमी झाला. दम पूर्ण गेलेला नाही. पण ते आता मधे एकदाच थांबून वर चढतात, आणि मुलगा दहावीला पुन्हा वर्गात बसला. तो पास झाला तेव्हा गुणांची चौकशी मी केली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम आहे. घरातली फाईल इंग्रजीत असते आणि इंग्रजी तुम्ही वाचता. छातीच्या रिपोर्टमध्ये 'ग्राउंड ग्लास' हे शब्द दिसले तर ती मघाशी सांगितलेली धुरकट काच, बहुधा निवळणारी. 'फायब्रोटिक बँड' म्हणजे वणाच्या पट्ट्या. 'ट्रॅक्शन ब्राँकिएक्टॅसिस' हा शब्द भयंकर दिसतो. वण आकसताना त्याने जवळच्या श्वासनळ्या ओढून ताणल्या, एवढाच त्याचा अर्थ, पण त्याकडे दुर्लक्ष करू नये. 'हनिकोम्बिंग' म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके. हा शब्द दिसला तर वेळ न घालवता तज्ज्ञाकडे जावे. हे शब्द वाचून निदान करायचे नाही. फक्त डॉक्टरांपुढे बसल्यावर अब्बांच्या वतीने नेमका प्रश्न विचारता यावा, यासाठी ते माहीत हवेत. "आधीपेक्षा वाढले की कमी झाले?" हा तो प्रश्न.

आणि त्याचे उत्तर मिळण्यासाठी जुनी फिल्म लागते. आपल्याकडे एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म खिडकीला काचेऐवजी लावलेल्या मी पाहिल्या आहेत, ग्रहण पाहायला वापरलेल्याही पाहिल्या आहेत. तसे करू नये. ग्रहणाच्या बाबतीत तर डोळेही जातील. २०२० वा २०२१ ची फिल्म, सीडी, डिस्चार्ज कार्ड जे काही असेल ते एका प्लास्टिकच्या पिशवीत, आडवे, कोरड्या जागी ठेवावे आणि तपासणीला जाताना सोबत न्यावे. ज्यांना घरी कागद उलगडत नसतील त्यांच्यासाठी, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तासभर शिक्षक-खोलीत बसतो. औषध सांगणार नाही, शब्दांचा अर्थ सांगेन आणि ई.एस.आय.चा अर्ज भरायला मदत करीन. येताना फाईल, पगाराची चिठ्ठी आणि घरातले एक शिकते मूल बरोबर आणावे.